मीटिंग कुडाळात, डुबकी मालवणात: कामाच्या फेरीत स्कूबा कसे बसवावे

कुडाळच्या एमआयडीसीत, ओरोसच्या सरकारी कचेऱ्यांत किंवा सावंतवाडीत काम निघाले की मालवणचा समुद्र तास-दीड तासावर येतो. कुडाळहून तर जेमतेम २८ किलोमीटर. इतक्या जवळ येऊन समुद्राचा तळ न पाहता परत जाणे जिवावर येते, आणि यायलाच हवे. पण हा बेत बहुतेक वेळा एकाच हिशेबाने बिघडतो: "मीटिंग अकराला संपते, विमान संध्याकाळचे आहे, मधे एक डुबकी मारून येऊ." असे करू नका. स्कूबाचा दिवस ठरवताना आधी परतीचे तिकीट समोर ठेवा आणि तिथून एकेक तास मागे मोजत या.

परतीचे तिकीट

पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे १० मीटर खोलीवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत जास्त विरघळतो आणि वर आल्यावर सावकाश, कित्येक तास बाहेर पडत राहतो. विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीचा नसतो. साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढाच तो असतो. नायट्रोजन अंगात शिल्लक असताना दाब असा एकदम उतरला की त्याचे बुडबुडे होतात. मग सांधे ठणकतात, हातापायांना मुंग्या येतात, आणि बुडबुडे मज्जारज्जूत झाले तर पाय लुळे पडू शकतात. मोपा (उत्तर गोव्यातला विमानतळ) ते मुंबई उड्डाण तासाभराचेच आहे म्हणून सूट मिळत नाही, कारण केबिनचा दाब तेवढ्या वेळातही उतरतोच.

डायव्हिंग जगतात रूढ असलेले किमान अंतर असे: दिवसात एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानाआधी १२ तास. दोन किंवा जास्त डाइव्ह, किंवा लागोपाठच्या दिवशी डाइव्ह केल्या असतील तर १८ तास. वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागतील इतकी खोल किंवा लांब डाइव्ह असेल तर २४ तासांहून अधिक. पर्यटकांची उथळ डुबकीही पहिल्या गटातच मोजा. आमचा सल्ला सरळ आहे: विमान दुसऱ्या दिवशी दुपारचेच घ्या. शुक्रवारी सकाळी अकराला पाण्याबाहेर आलात तर शनिवारी दुपारी एकच्या विमानापर्यंत २६ तास होतात आणि कुठलाच नियम आड येत नाही.

याहून सोपी वाट म्हणजे येताना विमान, जाताना रेल्वे. कोकण रेल्वे सखल भागातून धावते, त्यामुळे सकाळी डाइव्ह करून रात्री कुडाळ किंवा कणकवलीहून मुंबईची गाडी पकडायला दाबाची अडचण नाही. तिकीट मात्र आरक्षण उघडताच काढा. ऑक्टोबरात जाणार असाल तर पावसाळी वेळापत्रक अजून चालू आहे का तेही पाहा, त्यात गाड्यांच्या वेळा बदललेल्या असतात.

घाटाबद्दल सहसा कोणी बोलत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगतो. कोल्हापूर, सांगली, बेळगावहून गाडीने आलेली मंडळी डाइव्ह आटोपून, जेवून, थेट फोंडा घाट, करूळ घाट किंवा आंबोली चढतात. आंबोली सुमारे ६९० मीटरवर, बेळगाव साधारण ७५०. डायव्हिंगच्या हिशेबात ३०० मीटरच्या वर उंचीचा विचार सुरू होतो. पाच-सहा मीटरवरच्या पंधरा मिनिटांच्या डुबकीनंतर धोका कमी असतो. पण स्कूबाचे प्रमाणपत्रधारक असाल आणि सकाळी दोन डाइव्ह केल्या असतील, तर ती रात्र मालवणातच काढा आणि घाट दुसऱ्या दिवशी सकाळी चढा.

वार आणि तिथी

कामासाठी येणाऱ्याला एक फायदा आहे: तो आठवड्याच्या मधल्या वारी येतो. शनिवार-रविवारी आणि नाताळच्या आठवड्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती बोटींची इतकी दाटी होते की पाण्यात माशांपेक्षा माणसेच जास्त दिसतात. मीटिंग गुरुवारी, डाइव्ह शुक्रवारी सकाळी, ही जोडी उत्तम. आधी डाइव्ह आणि दुपारी मीटिंग असे ठेवू नका. वारा उठेल, बोट उशिरा सुटेल, कान गच्च होतील, आणि मग ताण दोन्हीकडे.

मोसम ऑक्टोबरपासून मेपर्यंत. पावसाळ्यात बोटी बंद असतात आणि त्या काळात कोणी "नेतो" म्हणाला तरी जायचे नाही. पाणी सगळ्यात निवळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. तेव्हाही अंदमानसारखे काचेचे पाणी मिळणार नाही. तीन ते आठ मीटर दिसले म्हणजे मालवणात चांगला दिवस. हे आधीच डोक्यात असले की निराशा होत नाही, कारण इथली गंमत दूरचे पाहण्यात नाहीच, हाताच्या अंतरावरचे निरखण्यात आहे.

तारीख हातात असेल तर कॅलेंडरवर तिथी बघा. अष्टमीच्या आसपास चंद्र-सूर्याची ओढ एकमेकांना काटकोनात असते, म्हणून भरती-ओहोटीतला फरक कमी होतो. हा भांग. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाण्याला ओढ जास्त आणि तळाची वाळू ढवळलेली. किनाऱ्यावर चालत आलेला हिशेब असा की तिथीच्या पाऊणपट केले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. म्हणजे कुठल्याही पक्षातली दशमी-एकादशी धरली तर भांगाचे शांत पाणी आणि सकाळची भरती दोन्ही एकत्र साधतात. हा ढोबळ हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यावरून घ्या. भरती हवी ती यासाठी की ओहोटीला कर्ली नदीचे मुख आणि कोळंबची खाडी गढूळ पाणी बाहेर सोडतात.

दिवसातली वेळ म्हणाल तर पहिली बोट. दुपारनंतर वारा उठतो, लाटा वाढतात, बोटीवर ढवळायला लागते. आदल्या संध्याकाळी फोन करून "पाणी कसा आसा?" एवढे विचारलेत तरी तांडेल (बोट चालवणारा) खरे ते सांगतो. दुसऱ्या दिवशीचे पाणी त्याच्याइतके कोणाला कळत नाही.

बुक करताना

प्रमाणपत्र नसेल तर तुम्हाला मिळते ती ओळखीची डुबकी. थोडे प्रशिक्षण, मग प्रशिक्षकाने धरून नेलेले दहा-पंधरा मिनिटे. जागतिक नियमांत तिची मर्यादा १२ मीटर आहे, मालवणात ती बहुधा त्याच्या निम्म्यावरच होते. ओपन वॉटर प्रमाणपत्र (१८ मीटरपर्यंत) हवे असेल तर तीन-चार दिवस लागतात. ते कामाच्या फेरीत बसत नाही, त्यासाठी वेगळी रजा काढा. तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करता येते.

फोनवर दर विचारण्याआधी हे विचारा. सिलिंडर पाठीवर देणार की बोटीवरून नळीने हवा? नळी असेल तर हालचाल फार मर्यादित राहते. एका प्रशिक्षकाकडे किती जण? नवख्यासाठी उत्तर "एक" हेच हवे. बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का? महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का? पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटे? "अर्धा तास" म्हणताना पुष्कळदा त्यात तयारीही धरलेली असते. आणि व्हिडिओ फुकट म्हणजे पाण्याखालची निम्मी मिनिटे कॅमेऱ्याकडे बघून हात हलवण्यात जातात. नको असेल तर आधीच सांगा.

तब्येतीचा अर्ज मागवून घरीच भरा. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, फुफ्फुसाचा जुना आजार, गर्भारपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरची लेखी परवानगी लागते, आणि ती जेट्टीवर मिळत नाही. अर्जात खोटे "नाही" लिहू नका, त्याची किंमत पाण्याखाली मोजावी लागते.

आदली रात्र

कामाच्या फेरीत खरी अडचण असते ती क्लायंटकडचे जेवण. त्या रात्री मद्य घेऊ नका. शरीरातले पाणी कमी झाले की बुडबुड्यांचा धोका वाढतो आणि सकाळी बोट लागते ती वेगळीच. सहा-सात तास झोप हवी. सकाळी निघायच्या दोन तास आधी हलके खा: दोन घावणे आणि चहा पुरे. सुरमईचे ताट डाइव्हनंतर. बोट लागत असेल तर गोळी तासभर आधी घ्या. तिने गुंगी येते का ते एकदा घरी घेऊन पाहिलेले असावे.

सर्दी असेल तर बेत रद्द. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरू नये. तिचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना हवा कानात अडकते, आणि तेव्हा खाली थांबायला सिलिंडरमध्ये हवा नसते.

पाण्यात

कान सगळ्यांना छळतात आणि त्याचे कारण उशीर. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, ते दुखायला लागल्यावर नाही, डोके बुडण्याआधीच सुरू करायचे आणि मग दर अर्ध्या मीटरला. पहिले तीन-चार मीटर सगळ्यात कठीण, कारण दाबाचा फरक प्रमाणाने तिथेच जास्त. दुखले तर प्रशिक्षकाला कानाकडे बोट दाखवा, एक मीटर वर या, पुन्हा करा. जोराने फुंकून रेटू नका, पडदा फाटतो.

दुसरा नियम: श्वास कधीही धरू नका. १० मीटरवर भरून घेतलेली छाती श्वास धरून वर आणली तर आतली हवा दुपटीने फुगते आणि फुफ्फुस फाटू शकते. लांब, सावकाश श्वास चालू ठेवा. पहिल्याच श्वासाला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर ते सिलिंडर नाकारा. कंप्रेसर धुराजवळ चालवला की असे होते.

चष्मा असेल तर मास्क त्यावर बसत नाही. नंबरचा मास्क आहे का विचारा किंवा सॉफ्ट लेन्स लावा, कडक लेन्स नकोत. मिशीतून पाणी शिरते, त्यासाठी ओठावरची मिशी थोडी कापून घेतलेली बरी. पाणी २६ ते २९ अंशांचे असते, त्यामुळे ३ मिलिमीटरचा सूट पुरतो.

प्रमाणपत्रधारकांनी सिलिंडरमध्ये ५० बार दाबाची हवा उरेल असे वर यावे, मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे. मालवणातल्या डाइव्ह उथळ असल्या तरी हे चुकवू नये.

किल्ल्याभोवतीचे पाणी १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येते, एकूण २९.१२ चौरस किलोमीटर. इथले प्रवाळ गढूळ पाण्यात, नद्यांच्या गाळात तग धरून आहेत. त्यावर पाय ठेवला की वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडते. म्हणून उभे राहू नका, हात लावू नका, फोटोसाठी माशांना बिस्किटे टाकू नका. प्रशिक्षक टाकायला लागला तर नको म्हणा. गिऱ्हाइकाने मागणे थांबवले की ही सवय सुटेल.

बॅग आणि बिल

अख्खे सामान नेण्यात अर्थ नाही. स्वतःचा मास्क, पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि ओल्या कपड्यांसाठी तोंड घट्ट बंद होणारी पिशवी एवढे ७ किलोच्या केबिन बॅगेत लॅपटॉपसोबत बसते. नवा मास्क आतून टूथपेस्टने घासून धुवा, नाहीतर कारखान्यातल्या थरामुळे तो सतत धूसर होतो. टॉर्चची लिथियम बॅटरी केबिनमध्ये, सुरी असेल तर चेक-इनमध्ये.

ऑफिसला लेखी कळवा की अमुक तारखेपासून रजा आहे. हॉटेलचे बिल त्या तारखेला तोडून दोन पावत्या घ्या. परतीचे भाडे कामाच्या तारखेच्या भाड्यापेक्षा जास्त पडत असेल तर फरक स्वतः भरा. कंपनीचा अपघात विमा रजेत लागू होतो का आणि साहसी खेळ त्यातून वगळलेत का, हे निघण्यापूर्वी वाचा.

डाइव्हनंतर एक-दोन दिवसांत खांदा-गुडघा उगाच ठणकणे, अंगावर चट्टे, मुंग्या, चक्कर, विलक्षण थकवा यांपैकी काही झाले तर त्याला प्रवासाचा शीण म्हणून ऑफिसात बसून राहू नका. डॉक्टरला पहिले वाक्य सांगायचे ते "मी स्कूबा केले होते, अमुक वाजता, अमुक खोलीवर." ऑक्सिजन लवकर सुरू होणे महत्त्वाचे. त्रास मोठा असेल तर १०८ ला फोन करा, आणि विमानात मात्र चढू नका.