वाळूत बाईक दर १५-२० मिनिटांनी बंद पडत होती, शेवटी सापडलं
जैसलमेरच्या बाजूला धोऱ्यांतून (वाळूच्या टेकड्यांतून) कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल-हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) डर्ट बाईक चालवताना १५-२० मिनिटं मस्त चालायची, मग भक् भक् करून बंद, दहा मिनिटं थांबलं की परत चालू. प्लग बदलला, एअर फिल्टर धुवून तेल लावलं, कार्ब्युरेटरही उघडला, फरक शून्य. दोन दिवस वाया गेले, रडायची वेळ आली होती.

बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि बाईक लगेच चालू! म्हणजे झाकणाच्या व्हेंट पाइपात (टाकीत हवा जायची बारीक नळी) वाळू अडकलेली, हवा आत जात नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही.

आधी पाइप झाकणावरून काढला, तोंडाने फुंकला, पेट्रोलने धुतला, पूर्ण वाळवला, मग झाकणाचं भोक मऊ ब्रशने साफ केलं (तार घालू नका, आतला व्हॉल्व्ह जातो). शेवटी पाइपाचं मोकळं टोक हँडलच्या मधल्या पोकळ नटात खाली खोचलं, म्हणजे परत वाळू शिरायला नको.