लस्टर: जागा शिल्लक असूनही ‘डिस्क फुल’ आली तर

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा फोन आला. “सर, तिन्ही जॉब पडले. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणतंय. पण डीएफमध्ये तर साडेचारशे टीबी मोकळे दिसतायत!” तिचं बरोबर होतं. डीएफ म्हणजे मोकळी जागा दाखवणारी आज्ञा. आमच्या स्क्रॅचवर, म्हणजे जॉबच्या तात्पुरत्या डेटासाठीच्या लस्टर फाइल सिस्टीमवर, प्रत्येकी ४८ टीबीचे २४ ओएसटी (डेटा साठवणारे डिस्कसंच) आहेत, आणि एकूण वापर होता जेमतेम ६१ टक्के.

लस्टर ही अनेक सर्व्हरांवर पसरलेली फाइल सिस्टीम. तिच्यात फाइलचं नाव, मालक, परवानग्या एमडीटीवर (फाइलींची माहिती ठेवणारा डिस्कसंच) राहतात, खरा डेटा ओएसटींवर. सेटिंगला कुणी हात लावला नसेल तर स्ट्राइप काउंट (फाइल किती ओएसटींवर वाटायची तो आकडा) १ असतो, म्हणजे अख्खी फाइल एकाच ओएसटीवर जाते. तो भरला की शेजारचे रिकामे असूनही काही उपयोग नाही. साधं डीएफ फक्त बेरीज सांगतं, म्हणून ते फसवतं.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लहान अक्षरं वापरा. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय.)

सुरुवात नेहमी ‘एलएफएस डीएफ -एच /स्क्रॅच’ने करा. प्रत्येक ओएसटीची वेगळी ओळ येते. आमच्याकडे ‘ओएसटी0011’ १०० टक्के होता. इथे नवीन माणसं हमखास चुकतात: नावातला आकडा हेक्साडेसिमल असतो. 0011 म्हणजे अकरा नव्हे, सतरा. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात नेहमीचा दशमान आकडा असतो, तो वाचा. सगळे ओएसटी ठीक दिसले तर ‘-एच’ऐवजी ‘-आय’ लावून एमडीटीचे आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेत का बघा. लाखो बारक्या फाइली असल्या की तेही होतं.

मग आधी गळती थांबवायची. एमडीएसवर (एमडीटी सांभाळणारा सर्व्हर) रूट म्हणून:

एलसीटीएल सेट_पॅरॅम ओएसपी.*ओएसटी0011*.मॅक्स_क्रिएट_काउंट=0

यातलं ‘ओएसटी’ मोठ्या अक्षरांत. आता नव्या फाइली त्या ओएसटीवर जाणार नाहीत. त्या मुलीला मी लगेच जॉब पुन्हा लावायला सांगितले, ते चालले. हे न करता ओएसटी थेट डीअ‍ॅक्टिव्हेट करायची जुनी सवय काहींना आहे, ती सोडा. डीअ‍ॅक्टिव्हेट केलेल्या ओएसटीवरचा डेटा एमडीएसला पुसता येत नाही. तुम्ही फाइली हलवत राहता आणि जागा काही सुटत नाही.

आता जागा कुणी अडवलीय ते शोधा:

एलएफएस फाइंड /स्क्रॅच --ओएसटी 17 --साइझ +500जी

शेवटचा ‘जी’ मोठा. साधं फाइंड इथे कामाचं नाही, कारण फाइल कुठल्या ओएसटीवर आहे हे त्याला माहीतच नसतं. आम्हाला सापडली एक ११ टीबीची टार फाइल. ‘एलएफएस गेटस्ट्राइप -सी’ विचारलं, उत्तर आलं १.

मालकाला फोन करून त्या फाइलवर कुठलाही जॉब लिहीत नाही याची खात्री करून घेतली. ही पायरी गाळू नका, मालक झोपलेला असला तरी. मग ‘एलएफएस मायग्रेट -सी 8’ आणि पुढे फाइलचा पाथ. रात्रभर चाललं, सकाळी आठ ओएसटींपैकी प्रत्येकावर जवळजवळ १.४ टीबी आले होते. जागा सुटल्यावर मॅक्स_क्रिएट_काउंट परत २०००० करा. ते विसरलात तर एक ओएसटी कायमचा ओस पडतो.

ज्यांच्या फाइली मोठ्या असतात त्यांच्या डिरेक्टरीवर आधीच ‘एलएफएस सेटस्ट्राइप -सी 8 -एस 4एम’ लावून ठेवा. हा ‘एस’ (स्ट्राइपचा, म्हणजे एका तुकड्याचा आकार) आणि ‘एम’ मोठे. मात्र हे त्यानंतर तयार होणाऱ्या फाइलींनाच लागू होतं. जुनी फाइल एमव्ही करून (हलवून) आत आणली तर तिची मांडणी तशीच राहते, सीपी (कॉपी) केली तर बदलते. उलट, काही केबीच्या फाइलींना आठ स्ट्राइप देऊ नका, एकच पुरे.

एकाच डिरेक्टरीत लहानमोठं सगळं येत असेल तर २.१० आवृत्तीपासून टप्प्याटप्प्याची मांडणी आहे. आम्ही ती आता सगळ्या नव्या प्रकल्पांना देतो:

एलएफएस सेटस्ट्राइप -ई 256एम -सी 1 -ई 4जी -सी 4 -ई -1 -सी 8

‘ई’, ‘एम’, ‘जी’ मोठे. पहिले २५६ एमबी एका ओएसटीवर, ४ जीबीपर्यंत चारांवर, त्यापुढचं आठांवर. शिवाय रोज सकाळी सहाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप आज्ञा चालवणारी सोय) एलएफएस डीएफ चालतं, आणि कुठलाही एक ओएसटी ८५ टक्क्यांच्या वर गेला की मला मेल येतो.