ड्रॅगन खेळताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळकरी पोरांना बुद्धिबळातल्या सिसिलियन ड्रॅगन या काळ्याच्या बचावाची भारी ओढ असते, आणि ती रास्तच आहे. पांढऱ्यानं प्यादं ई४ या घरावर टाकलं की प्यादं सी५वर टाकून उत्तर द्यायचं, पुढं जी६ करून उंट जी७वर बसवायचा आणि लांब कर्णावरून समोरच्याच्या वजीर-बाजूवर मारा धरायचा. हा जिंकण्यासाठी खेळायचा बचाव आहे. पण इथं एक चाल वाया गेली की डाव सावरत नाही.

सगळ्यात जास्त डाव सहाव्या चालीला बुडतात. पांढऱ्याचा उंट ई३वर आला, की त्याला हुसकवायला काळा घोडा जी४वर जातो. लगेच दुसरा पांढरा उंट बी५वरून शह देतो. मध्ये डी७वर उंट घातला तर तो राजापुढं जखडतो. घोडा घातला तर आपल्याच उंटाची वाट अडते. जी४च्या घोड्याला वाली उरत नाही, वजीर येऊन तो उचलतो. सी६वर घोडा घातला तर मारामारीत कोपऱ्यातला हत्ती जातो. मग बघणारे म्हणणारच, "फुकट घालवलास की गा!" आधी उंट जी७वर घ्या.

लेवेनफिश या पांढऱ्याच्या प्रकारात मात्र उलटं. त्यात सहाव्या चालीला एफ४ येतं. तेव्हा जी७ची घाई नको, घोडा सी६वर काढा. नाहीतर ई५ येतं, प्याद्यांची मारामारी होते, घोडा जी४वर पळतो आणि पुन्हा तोच बी५चा शह. राजा एफ८वर सरकला की घोडा ई६वर शह देतो आणि वजीर जातो.

खरी लढाई युगोस्लाव्ह हल्ल्यात. पांढरा एफ३ करतो, वजीर डी२वर आणतो, लांब किल्लेकोट करून एच-प्यादं सोडतो. त्यानं उंट सी४वर न आणता नवव्या चालीलाच किल्लेकोट केला, तर लगेच डी५ करून मधली फळी फोडा. ही संधी पुन्हा मिळत नाही. उंट सी४वर आला तर डी५ अडतं. मग हत्ती सी८वर, घोडा ई५वर, आणि एच४ला एच५नं रोखता येतं.

इथं पोरं आपल्या राजाभोवती मोहरी गोळा करत बसतात. माझ्या मते ड्रॅगनमधली सगळ्यात महागडी चूक हीच. नजर सी३वर ठेवा. तिथल्या घोड्यावर हत्ती टाकायची वेळ आली तर हात आखडता घेऊ नका. पांढरा उंट एच६वर आला, अदलाबदलीत वजीर तिकडं ओढला गेला, की सी३चा एक राखणदार कमी होतो. तीच वेळ असते. हत्ती देऊन पांढऱ्या राजापुढची प्यादी मोडली, की वजीर ए५वरून आत शिरतो.

सी३ या घराची किंमत कळायला कारपोव्ह (पांढरा) विरुद्ध कोर्चनोय (काळा), मॉस्को १९७४, दुसरा डाव पटावर मांडा. हल्ला ऐन रंगात असताना कारपोव्हनं सोळाव्या चालीला डी४चा घोडा ई२वर मागं घेतला, एकोणिसाव्या चालीला हत्ती डी३वर आणला. दोन्ही चालींनी सी३ची राखण झाली, आणि सत्ताविसाव्या चालीला डाव संपला. त्यानंतर १९९५च्या जागतिक सामन्यातला अकरावा डाव बघा. तिथं आनंदविरुद्ध कास्पारोव्हनं हाच ड्रॅगन खेळून काळ्यानं जिंकलं.