एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवला? आग लावणाऱ्या या चुका टाळा

इंदुरात कुठेही आग लागली की दुसऱ्या दिवशी एकच शब्द कानावर येतो, 'शॉर्ट सर्किट'. पण खरा शॉर्ट झाला तर चालू स्थितीतला एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, तो क्षणात तोडतो. आग लागते ती बहुतेक वेळा महिनोन्महिने गुपचूप तापत राहिलेल्या जागी. त्या जागेने आधी इशारेही दिलेले असतात आणि आपण दुरुस्ती केलेली असते ती त्या इशाऱ्याची.

रामबाग किंवा राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांतली जुनी घरं घ्या. मूळ वायरिंग दिवे-पंख्यांपुरतं, 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटरच्या तारेचं. त्यावर एसी आला, गिझर आला. दीड टनाचा एसी साधारण 7 ते 8 अँपिअर ओढतो, 2 किलोवॅटचा गिझर पावणेनऊच्या आसपास, इस्त्री आणखी चार. 16 अँपिअरचा एमसीबी पडणारच. मग कोणीतरी येतो आणि 32 चा बसवून जातो. त्रास थांबतो, सगळे खूश.

एमसीबी एसीला वाचवण्यासाठी नसतो, भिंतीतल्या तारेला वाचवण्यासाठी असतो. साध्या पीव्हीसी तारेचं आवरण 70 अंशांपर्यंत टिकेल असं धरलेलं असतं. बारीक तारेतून वीस-बावीस अँपिअर रोज दुपारी वाहिले की ते कडक होतं, तडकतं आणि एके दिवशी उघडं पडतं. तेव्हा 32 चा एमसीबी शांत बसून असतो, कारण त्याच्या हिशेबात काही बिघडलेलंच नाही.

एमसीबी पडत असेल तर आधी तो कसा पडतो ते पाहा. वर करताच पडला तर कुठेतरी शॉर्ट आहे. त्या लाइनवरची सगळी उपकरणं प्लगमधून काढा आणि एकेक लावून बघा. काहीच लावलेलं नसताना पडला तर दोष तारेत आहे, पुन्हा पुन्हा वर करत बसू नका. दहा-वीस मिनिटांनी पडत असेल तर लोड जास्त आहे किंवा एमसीबीचा स्क्रू ढिला होऊन तोच तापतोय. एसीला मीटरपासून स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार द्या, गिझरला 2.5 ची. एमसीबीचा आकडा तारेवरून ठरवायचा, उपकरणावरून नाही. आणि पावसाळ्यात आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो म्हणून त्याला बाजूला काढून थेट जोडणी करणं म्हणजे गळती तशीच ठेवून पहारेकऱ्याला सुट्टी देणं.

ढिला जोड हा त्याहून लबाड प्रकार. त्यातून करंट जास्त वाहत नाही, म्हणून एमसीबीला तो दिसतच नाही. 10 अँपिअर जाणाऱ्या जोडात फक्त अर्धा ओहम रोध आला तरी 50 वॅट उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत साठते. साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं, म्हणजे अशी दोन स्विचबोर्डात लपवल्यासारखं. खुणा ठरलेल्या आहेत. प्लगच्या भोकाभोवती तपकिरी डाग, इस्त्री लावली की दिवा लुकलुकणं, बारीक चरचर, जळक्या प्लास्टिकचा वास. टेप गुंडाळून हे बरं होत नाही. मेन बंद करून वर्षातून एकदा बोर्डातले आणि डीबीतले (एमसीबी बसवलेल्या पेटीतले) स्क्रू आवळून घ्या, काळवंडलेलं सॉकेट बदला. जुन्या अॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याची तार पिळून जोडली असेल तर तो जोड आधी शोधा, तो स्क्रूखालीही हळूहळू सैल होतो.

आता कढई. सेव-नमकीनच्या शहरात हे सांगावं लागू नये, पण पेटत्या तेलावर पाण्याची बादली अजूनही पडतेच. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं आणि सुमारे 1700 पट फुगून वाफ होतं. ती वाफ पेटतं तेल घेऊन छतापर्यंत उडते. बरोबर क्रम असा: गॅस बंद, कढईवर बाजूने सरकवत झाकण, आणि थंड होईपर्यंत ते उघडायचं नाही. कढई उचलून बाहेर न्यायची तर अजिबात नाही. तळाशी बेसनाचा जळका चुरा साठलेलं, पुन्हा पुन्हा वापरलेलं तेल लवकर धुरावतं. धूर दिसला की आच कमी करायची, 'थोडं तापू दे' म्हणायचं नाही. कारखान्यात गॅसचा मुख्य कॉक भट्टीच्या मागे असेल तर तो दाराजवळ आणा. आग लागल्यावर तिच्यावरून हात घालून कॉक कोण फिरवणार?

गॅसच्या टंकीच्या चुका वेगळ्या. उरलेला गॅस निघावा म्हणून 19 किलोची टंकी आडवी करतात. मग वायूऐवजी द्रव बर्नरकडे जातो आणि ज्वाळा हातभर वर येते. टंकी उभीच हवी. गळती तपासायला काडी नको, साबणाचं पाणी पुरे. टंकीच्या तोंडातलं काळं रबर रिंग तुटलंय का ते प्रत्येक नवी टंकी लावताना बघा. नारिंगी सुरक्षा पाइप पाच वर्षांनी बदला, तो ठीक दिसत असला तरी. वास आला तर कुठलंही बटण चालू करू नका, बंदही करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली जमिनीलगत साठतो, म्हणून वरची खिडकी पुरत नाही, दार उघडा. मदतीसाठी 1906.

देवघरातल्या नंदादीपावर आणि गणपतीच्या थर्मोकोलच्या मखरावर एकच वाक्य: दोन्हींपासून पडदा हातभर लांब, आणि झोपताना दिव्यांची माळ बंद.

जिना मात्र नीट पाहा. 2022 च्या मे महिन्यात विजयनगर भागातल्या स्वर्णबाग कॉलनीत खाली उभ्या स्कूटरला कोणीतरी आग लावली, ती इमारतीत पसरली आणि सात जण गेले. आग कोणीही लावो, जिना धुराड्यासारखा वागतो. म्हणून मीटरखाली पुठ्ठे, जिन्यात रद्दी आणि तिथेच रात्रभर चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटर, यातलं काहीही नको. दुकानाच्या वरच्या मजल्यावर कारागीर झोपत असतील तर शटर बाहेरून कुलूपबंद करू नका.

शेवटी भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर. काटा हिरव्यात आहे म्हणजे तो चालेलच असं नाही, आतली पावडर गोठलेली असू शकते. महिन्यातून एकदा उलटा करून हलवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला तर काटाच नसतो, तो वजन करूनच तपासतात. वीज पॅनेलला हाच वापरा, पण वापरताना त्याच्या तोंडाचा भोंगा धरू नका, तो गोठवणारा थंड होतो. पावडरचा 6 किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो, म्हणून फवारा ज्वाळेच्या टोकावर नाही, बुडाशी मारा. तेलाच्या कढईवर जवळून मारलात तर तेल बाहेर उडेल, दोन-तीन मीटर मागे राहा. आणि पाठ दाराकडे ठेवा. एक सिलिंडर संपला आणि आग उभीच आहे, तर दुसरा शोधायला आत जायचं नाही. बाहेर पडून 101 किंवा 112.