ब्लास्ट ओळखायला शिकताना

एमडी पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षी हिमॅटॉलॉजीत (रक्ताच्या आजारांच्या विभागात) पोस्टिंग लागलं, तेव्हा वाटायचं, पेशींवरच्या खुणा यंत्राने ओळखणारी फ्लो सायटोमेट्री असताना स्लाइडवर ब्लास्ट (रक्ताच्या कर्करोगात वाढणाऱ्या अपक्व पेशी) शोधत डोळे फोडायचे कशाला? एका नाइट ड्यूटीत हा माज उतरला.

तरुण रुग्ण, हिरड्यांतून रक्त, पांढऱ्या पेशी ६०,०००च्या वर. स्मिअरमध्ये (स्लाइडवर पसरलेल्या रक्तात) दोन पाळ्यांची, घडी पडल्यासारखी केंद्रकं. दाणे जवळजवळ नाहीतच. मी 'मोनोब्लास्ट (मोनोसाइट कुळाचे ब्लास्ट) वाटतात' असं लिहून मोकळा झालो. सकाळी मॅडमनी स्लाइड पाहिली आणि एवढंच विचारलं, "एमपीओ केलंस?" एमपीओ म्हणजे मायलॉइड कुळाच्या रक्तपेशी रंगवणारी चाचणी. केलं, तर पेशी गच्च रंगल्या. मोनोब्लास्टमध्ये हा रंग बहुधा येत नाही, आला तर फिकट. हा एपीएलचा (एएमएल या मायलॉइड रक्तकर्करोगाच्या एका प्रकाराचा) कमी दाणे दिसणारा प्रकार होता. फिशमध्ये (जनुकांच्या तपासणीत) पीएमएल-आरएआरए हे एपीएलची ओळख असलेलं जोड-जनुक नंतर सापडलं. ॲट्रा हे एपीएलवरचं औषध त्याआधीच सुरू झालं होतं. या आजारात रक्त गोठण्याचं तंत्र बिघडतं आणि मेंदूत रक्तस्राव होऊन रुग्ण सुरुवातीच्या दिवसांतच दगावू शकतो. म्हणून शंका आली की आधी वॉर्डला फोन, रिपोर्टचं टायपिंग मागाहून.

एमपीओची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ३ टक्के किंवा जास्त ब्लास्ट रंगले तर मायलॉइड, हे ठीक. पण निगेटिव्ह आलं म्हणून लगेच एएलएल (लिम्फॉइड कुळाचा रक्तकर्करोग) लिहू नका. एएमएलचे एम०, एम७ हे उपप्रकारही तिथेच दडलेले असतात. तिथे फ्लो लागतोच. फ्लोमध्येही एकट्या सीडी७ला (टी-पेशींवर दिसणारी खूण) भुलू नका, तो एएमएलमध्येही दिसतो. टी-पेशींसाठी पेशीच्या आतला सीडी३ पाहा.

नमुन्याबद्दल कुणी शिकवत नाही. हाडातली मज्जा सुईने ओढताना पहिल्या ओढीचे थेंब स्लाइडसाठी. पुढच्या ओढीत रक्त मिसळतं आणि ब्लास्टची टक्केवारी खोटी कमी येते. फ्लोला ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) चालतं. कॅरिओटाइपला (गुणसूत्रांच्या तपासणीला) मात्र हेपरिनच, कारण तिथे पेशी जिवंत राहून विभागल्या पाहिजेत. मज्जा आलीच नाही, तर बायोप्सीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकण्याआधी स्लाइडवर हलके टेकवून ठसे घ्या. मी एकदा विसरलो होतो. बोलणी खाल्ली.

वर्गीकरणाचा घोळ वेगळाच. जुन्या एफएबी वर्गीकरणात एएमएल म्हणायला ३० टक्के ब्लास्ट लागत, डब्ल्यूएचओने ते २०वर आणले, आणि पीएमएल-आरएआरएसारखा जनुकीय बदल सापडला तर २०चीही अट नाही. त्यात २०२२ साली डब्ल्यूएचओ आणि आयसीसी (इंटरनॅशनल कन्सेन्सस क्लासिफिकेशन) अशी दोन वर्गीकरणं आली. रिपोर्टमध्ये कोणतं वापरलंत ते लिहा. नाहीतर क्लिनिशियनचा फोन येतोच, तोही नेमका जेवायला बसल्यावर.