चुकून डिलीट झालेली फाइल परत मिळवताना

महत्त्वाची फाइल डिलीट झाल्याचे लक्षात आल्यावर घाईघाईने एखादे रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवून घेण्याची इच्छा होते, आणि नेमके तेच बरेचदा अंगाशी येते. त्याआधी दोन-तीन साध्या गोष्टी पाहाव्यात. फाइल आत्ताच डिलीट झाली असेल, तर विंडोजच्या त्याच फोल्डरमध्ये कंट्रोल आणि झेड ही बटणे एकत्र दाबल्यास ती जागेवर परत येते. नाहीतर रिसायकल बिन उघडून फाइली डिलीट झाल्याच्या तारखेनुसार लावाव्यात, हवी ती निवडावी आणि रिस्टोअर करावे. तेथेही ती नसेल, तर संपूर्ण ड्राइव्हवर नावाने शोध घ्यावा. डिलीट झाली असे वाटणारी फाइल माउस निसटून शेजारच्या फोल्डरात जाऊन बसलेली असते, हे मी स्वतःच्या आणि इतरांच्या संगणकांवर कितीतरी वेळा पाहिले आहे.

शिफ्ट दाबून डिलीट केलेल्या, पेन ड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरील ड्राइव्हवरून डिलीट केलेल्या आणि बिनच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठ्या असलेल्या फाइली सहसा रिसायकल बिनमध्ये जातच नाहीत. अशा वेळी दुसरीकडे कोठे प्रत आहे का, हे आधी पाहावे. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमधून फाइल काढली की ती क्लाउडवरूनही जाते हे खरे, पण तेथे स्वतंत्र बिन असते. गुगल ड्राइव्हच्या बिनमध्ये आणि वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये ती 30 दिवस राहते. कार्यालयीन किंवा शैक्षणिक वनड्राइव्ह खात्यात ही मुदत साधारणपणे 93 दिवसांची असते. विंडोजमधील फाइल हिस्टरी किंवा मॅकवरील टाइम मशीन आधीपासून चालू असेल, तर जुनी प्रत तेथून काही मिनिटांत मिळते.

यातले काहीच हाती लागले नाही, तर मात्र आत काय घडते ते समजून घ्यायला हवे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर अवलंबून आहे. विंडोजच्या एनटीएफएस या फाइली साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक फाइलची नोंद मास्टर फाइल टेबल या तक्त्यात असते. फाइल डिलीट केली की ती नोंद 'वापरात नाही' अशी दाखवली जाते आणि तिने व्यापलेली जागा मोकळी समजली जाते. मजकूर मात्र डिस्कवर तसाच पडून राहतो. त्या जागेवर नवे काही लिहिले गेले की तो कायमचा जातो. म्हणून ज्या ड्राइव्हवरून फाइल गेली त्यावर काहीही साठवू नये, डाउनलोड करू नये, सॉफ्टवेअर बसवू नये. फाइल सी ड्राइव्हवरची असेल तर धोका अधिक असतो, कारण आपण हात लावला नाही तरी ब्राउझर, अपडेट आणि विंडोज स्वतः त्या ड्राइव्हवर सतत लिहीत असतात. तेव्हा संगणक बंद करून ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडणे हाच सुरक्षित मार्ग होय. डिस्कला बिटलॉकरचे, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शन सोयीचे, कुलूप असेल, तर त्यासाठी 48 अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवावी लागेल.

हे सारे जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कला लागू पडते. एसएसडीचे, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हचे, गणित वेगळे आहे. विंडोज 7 पासून ट्रिम नावाची सोय आहे. तिच्याद्वारे फाइल डिलीट होताच 'ही जागा आता नको' असे एसएसडीला कळवले जाते, आणि एसएसडी ती जागा स्वतःच रिकामी करते. त्यामुळे आतील एसएसडीवरून गेलेली फाइल सॉफ्टवेअरने परत मिळण्याची आशा फारच थोडी असते, आणि त्यापायी महागडे सॉफ्टवेअर विकत घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांत बहुधा ट्रिम चालत नाही, त्यामुळे तेथे यश येण्याची शक्यता बरी असते.

सॉफ्टवेअर निवडताना मायक्रोसॉफ्टचे विनामूल्य विंडोज फाइल रिकव्हरी, रेकुव्हा आणि मुक्त स्रोत असलेले फोटोरेक यांपासून सुरुवात करावी. यातील पहिल्यात कमांड लिहून काम करावे लागते, आणि फाइल जेथून गेली व जेथे काढून ठेवायची ते ड्राइव्ह वेगळे असावेत अशी त्याची अटच आहे. इतर सॉफ्टवेअर वापरतानाही हा नियम आपण होऊन पाळावा. एनटीएफएस ड्राइव्हवर नुकतीच डिलीट झालेली फाइल असेल तर आधी साधा शोध घ्यावा आणि तो फसला तरच सखोल शोधाकडे वळावे, कारण सखोल शोधाला मोठ्या डिस्कवर कित्येक तास लागू शकतात.

येथे एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. फाइल रिसायकल बिनमध्ये जाते तेव्हा विंडोज तिचे नाव बदलते: डॉलरचे चिन्ह, त्यापुढे आर हे इंग्रजी अक्षर आणि मग काही अर्थहीन अक्षरे व अंक. मूळ नाव दुसऱ्या एका लहान फाइलमध्ये लिहिलेले असते. त्यामुळे बिन रिकामे केल्यानंतर मूळ नावाने शोधल्यास पुष्कळदा काहीच सापडत नाही आणि माणूस निराश होतो. नावाचा शेवटचा भाग, म्हणजे एक्स्टेन्शन, मात्र बदलत नाही. तेव्हा एक्स्टेन्शन आणि फाइलचा आकार यांवरून शोध घ्यावा.

तक्त्यातील नोंदच नाहीशी झाली असेल, तर फोटोरेकसारखे सॉफ्टवेअर प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या आरंभी असणाऱ्या ठरावीक खुणा डिस्कभर शोधते. अशा शोधात फाइलीचे मूळ नाव आणि फोल्डर बहुतेक मिळत नाहीत, आणि डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली फाइल अर्धवट निघू शकते. छायाचित्रांच्या बाबतीत ही पद्धत चांगली चालते; मोठ्या व्हिडिओंच्या बाबतीत तेवढी भरवशाची नाही.

ड्राइव्ह जोडल्यावर 'फॉरमॅट करायचे का' असा प्रश्न आला, तर नाही म्हणावे, आणि फाइली निघेपर्यंत डिस्क दुरुस्तीची साधनेही चालवू नयेत, कारण तीही ड्राइव्हवर लिहितात. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर तिचा वीजपुरवठा ताबडतोब बंद करावा. तेथे सॉफ्टवेअरचा उपयोग नसतो आणि काम तज्ज्ञ प्रयोगशाळेकडेच सोपवावे लागते.

परत मिळालेल्या फाइली यादीत दिसल्या म्हणून निश्चिंत होऊ नये. एकेक उघडून पाहावी, कारण नाव आणि आकार बरोबर असूनही आत नुसती शून्ये भरलेली असू शकतात. सगळ्या तपासून होईपर्यंत मूळ ड्राइव्ह बाजूला काढून ठेवावा, म्हणजे गरज पडल्यास दुसऱ्या सॉफ्टवेअरने पुन्हा शोध घेता येतो.