गटातून बाहेर पडायची तारीख पुढे ढकलायची कशी? ब्रेक्झिटने दाखवलेली रीत

व्यापारी गटातून बाहेर पडायचं ठरवलं, गाजावाजा करून तारीख पण जाहीर केली आणि मग लक्षात आलं की घरातच कुणाचं एकमत नाही. अशा वेळी एकच गोष्ट हातात उरते, मुदत वाढवून मागणे. ब्रिटनने २०१९ मध्ये ही मुदतवाढ एकदा नाही तीनदा घेतली आणि प्रत्येक वेळी सरकारच्या नाकीनऊ आले. त्यामुळे हे काम नेमकं कसं होतं हे समजून घ्यायचं तर ब्रेक्झिटइतकं, म्हणजे ब्रिटनच्या युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याइतकं, चांगलं उदाहरण नाही. तुम्ही पंतप्रधान होणार नाही हे मान्य, पण उद्या दुसऱ्या कुठल्या देशाची अशी बातमी आली तर तिच्यात काय बघायचं ते तरी कळेल.

सगळ्यात आधी घड्याळ कोणाच्या हातात आहे ते बघा. युरोपियन युनियनच्या कराराचं कलम ५० असं सांगतं की बाहेर पडतोय असं पत्र दिलं की दोन वर्षं मोजायला सुरुवात, तोपर्यंत करार झाला तर ठीक, नाही झाला तरी तुम्ही बाहेर. ब्रिटनच्या वतीने युनियनमधले त्यांचे राजदूत टिम बॅरो यांनी ते पत्र २९ मार्च २०१७ ला ब्रसेल्समध्ये युनियनच्या नेत्यांच्या परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष डोनाल्ड टस्क यांच्या हातात ठेवलं, म्हणजे शेवटची तारीख झाली २९ मार्च २०१९, वेळ लंडनची रात्री ११ कारण तेव्हा ब्रसेल्समध्ये १२ वाजतात. (वेळसुद्धा त्यांचीच, बघा.) आणि ही मुदत वाढवायची तर उरलेल्या सगळ्या २७ देशांचा होकार लागतो, एकाने जरी नाही म्हटलं तरी संपलं, तिथे माल्टाचं मत आणि जर्मनीचं मत सारखंच. गंमत म्हणजे डिसेंबर २०१८ मध्ये युरोपियन कोर्टाने सांगितलं की ब्रिटनला ते पत्र पूर्ण मागे घ्यायचं असेल तर कुणाला विचारायची गरज नाही! म्हणजे रद्द करायला परवानगी नको पण लांबवायला २७ जणांची हवी. पण २०१६ च्या सार्वमतात १ कोटी ७४ लाख लोकांनी 'बाहेर पडा' म्हणून मत दिलेलं असताना पत्र मागे घ्यायची हिंमत कोण करणार, त्यामुळे कायद्याने सोपा असलेला रस्ता राजकारणात बंद आणि अवघड असलेला तेवढा उघडा.

दुसरं घड्याळ घरात असतं आणि ते लोक विसरतात. ब्रिटनच्या स्वतःच्या २०१८ च्या कायद्यातही बाहेर पडायची तारीख लिहिलेली होती, म्हणून ब्रसेल्समध्ये नवी तारीख मिळाल्यावर धावतपळत ती घरच्या कायद्यातही बदलावी लागली. तेव्हा तारीख कायद्यात घालायची असेल तर ती बदलायची सोय पण तिथेच ठेवा.

आता कोणती तारीख मागायची. इथे तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्याकडून शिकण्यासारखं आहे, म्हणजे काय करू नये ते. २० मार्च २०१९ ला, मुदत संपायला नऊ दिवस असताना, त्यांनी टस्क यांना पत्र लिहून ३० जूनपर्यंत मुदत मागितली. हिशोब असा की नवं युरोपियन पार्लमेंट जुलैच्या सुरुवातीला बसणार, त्याच्या आधी आपण बाहेर. पण त्या पार्लमेंटची निवडणूक होती २३ मेपासून, आणि ब्रिटन तेव्हा सदस्य असूनही निवडणूक घेत नाही म्हटल्यावर नव्या पार्लमेंटच्याच वैधतेवर प्रश्न आला असता. म्हणून उत्तर आलं ते असं: बाहेर पडायच्या अटींचा आपला झालेला करार तुमच्या पार्लमेंटमध्ये मंजूर करून घ्या मग २२ मेपर्यंत देतो, नाही जमलं तर १२ एप्रिल. २२ मे म्हणजे निवडणुकीचा आदला दिवस, आणि १२ एप्रिल म्हणजे ब्रिटनने निवडणूक घ्यायची की नाही हे ठरवायचा शेवटचा दिवस. दोन्ही तारखा आकाशातून पडलेल्या नव्हत्या, त्या त्यांच्या कॅलेंडरमधून काढलेल्या होत्या. तर मुदत मागताना आधी समोरच्याचं कॅलेंडर उघडा, आपलं नंतर. एवढं होऊनही मे यांनी ५ एप्रिलला परत तेच ३० जून मागितलं, आणि परत मिळालं नाही.

मग १० एप्रिलच्या रात्री ब्रसेल्सला जे झालं ते बघण्यासारखं आहे. मे यांनी आपली बाजू मांडली आणि त्या खोलीतून बाहेर पडल्या, कारण निर्णय २७ जण घेणार आणि मागणाऱ्याला त्यात मत नाही. टस्क यांना वर्षभरापर्यंतची लवचिक मुदत हवी होती, जर्मनीच्या मर्केलसुद्धा लांबच्या बाजूने, फ्रान्सचे मॅक्रॉन मात्र अडून बसले की इतके दिवस अर्धं अंग बाहेर असलेला देश आमच्या निर्णयांमध्ये कशाला. मध्य निघाला ३१ ऑक्टोबर, तेव्हाच्या युरोपियन कमिशनची (युनियनच्या कार्यकारी मंडळाची) मुदत संपायचा दिवस, म्हणजे परत त्यांचंच कॅलेंडर. टस्क जाताना ब्रिटनला म्हणाले, कृपा करून हा वेळ वाया घालवू नका. वाया गेलाच म्हणा.

लांब की आखूड, हा खरा राजकारणाचा भाग आहे आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. आखूड मुदत मागणाऱ्याला धमकी जिवंत ठेवायची असते. मे यांचा सगळा डाव त्यावर होता, स्वतःच्या हुजूर पक्षातल्या कडव्या लोकांना सांगायचं की माझं डील पास करा नाहीतर ब्रेक्झिटच हातचं जाईल आणि दुसऱ्या बाजूला सांगायचं की पास करा नाहीतर नो-डील होईल, म्हणजे कराराशिवायच बाहेर. आता एकाच वेळी दोन उलट्या भीती दाखवल्या की प्रत्येक जण आपल्याला आवडेल तीच शक्यता खरी धरतो. झालं तसंच. १५ जानेवारीला डील ४३२ विरुद्ध २०२ असं पडलं, १२ मार्चला ३९१ विरुद्ध २४२, मग स्पीकर जॉन बर्को यांनी १६०४ पासूनचा संकेत काढून सांगितलं की तोच ठराव परत आणता येणार नाही, म्हणून फक्त निम्मा भाग आणला आणि २९ मार्चला तोही ३४४ विरुद्ध २८६ ने पडला. माझं मत विचाराल तर डेडलाइनची भीती एकदाच विकता येते, पहिली मुदतवाढ मिळाली त्या दिवशी पुढच्या सगळ्या तारखांची किंमत निम्मी झाली.

लांब मुदतीचा तोटा वेगळा. मधल्या काळात जग थांबत नाही. ३१ ऑक्टोबर घेतल्यामुळे ब्रिटनला, ज्या पार्लमेंटमधून बाहेर पडायचंय त्याचीच निवडणूक घ्यावी लागली, त्यात नायजेल फराज यांच्या नव्याकोऱ्या ब्रेक्झिट पार्टीने २९ जागा मारल्या आणि सत्ताधारी हुजूर पक्षाच्या हातात आल्या ४. मतमोजणीच्या आधीच मे यांनी राजीनामा जाहीर केला होता.

आणि दुकान-कारखान्यांचं काय, हे पण मोजा. ऑक्सफर्डच्या 'मिनी' मोटारींच्या कारखान्याने दरवर्षीची उन्हाळ्यातली बंदी (कारखाना काही दिवस बंद ठेवायचा काळ) त्या वर्षी एप्रिलमध्ये आणली होती, का तर २९ मार्चनंतर गोंधळ होणार, सुटे भाग अडकणार. ब्रेक्झिट लांबलं पण ठरलेली बंदी काही लांबवता येईना, म्हणजे काहीच झालं नाही आणि कारखाना बंद. सरकारने ३१ ऑक्टोबरची तारीख टाकून ५० पेन्सची नाणी पाडायला घेतली होती, ती वितळवायला लागली. मुदतवाढ फुकट असते असं कुणी म्हटलं तर ही दोन उदाहरणं तोंडावर मारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सही कोणाची. माझ्या मते पूर्ण खेळ इथेच आहे, कारण मुदतवाढ मिळण्यापेक्षा तिचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटतं त्यावर पुढची निवडणूक ठरते. मे यांनी स्वतःच्या सहीने मागितली, दोनदा, आणि त्यांनाच भोगावं लागलं. त्यांच्या मंत्रिमंडळाची तर तऱ्हाच न्यारी होती, १४ मार्चला मुदतवाढ मागायचा सरकारी ठराव आला तेव्हा ब्रेक्झिटमंत्री स्टीव्हन बार्कले यांनी सभागृहात उभं राहून सांगितलं की हा ठराव मंजूर करा आणि त्याच संध्याकाळी जाऊन त्याच ठरावाच्या विरोधात मत दिलं!

मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी बरोबर उलटं केलं. मुदत मागण्यापेक्षा खंदकात मरून पडलेलं बरं, असं सप्टेंबरमध्ये बोलून बसले. विरोधक आणि त्यांच्याच पक्षातले काही बंडखोर खासदार म्हणाले ठीक आहे, आणि कायदाच करून टाकला, बेन ॲक्ट म्हणतात तो: १९ ऑक्टोबरपर्यंत सभागृहाने डील किंवा नो-डील यातलं काहीच मंजूर केलं नाही तर पंतप्रधानाने ३१ जानेवारी २०२० पर्यंत मुदत मागायची, आणि पत्राचा मजकूरसुद्धा कायद्याच्या परिशिष्टात लिहून दिला, म्हणजे शब्द बदलायची पळवाट नको. बंड करणाऱ्या २१ हुजूर खासदारांना जॉन्सन यांनी पक्षातून बाजूला केलं. १९ ऑक्टोबरला, शनिवार असून, सभागृह बसलं, जॉन्सन यांच्या नव्या डीलला लगेच मंजुरी द्यायची नाही असं ३२२ विरुद्ध ३०६ ने ठरलं आणि त्या रात्री ब्रसेल्सला तीन कागद गेले. एक म्हणजे कायद्यातल्या पत्राची फोटोकॉपी, खाली सहीच नाही. दुसरी टिम बॅरो यांची चिठ्ठी (हो, २०१७ मध्ये पत्र देणारे तेच) की कायद्याने पाठवायला सांगितलंय म्हणून पाठवतोय. आणि तिसरं जॉन्सन यांचं पत्र, यावर मात्र सही, की मुदतवाढ ही घोडचूक ठरेल. टस्क यांनी सहीवरून वाद घातला नाही, विनंती मिळाली म्हणाले आणि २७ देशांना विचारायला लागले.

पोरखेळ वाटतो ना? पण त्या न केलेल्या सहीवर जॉन्सन यांनी अख्खी निवडणूक लढवली, मला काम करायचं होतं पण पार्लमेंटने अडवलं, आणि १२ डिसेंबरला ३६५ जागा घेऊन आले. लांबणं तेच होतं, मे यांच्या काळात झालं ते आणि हे. फरक फक्त कागदाच्या तळाशी.

देणाऱ्याची बाजू पण समजून घ्या. २७ देश इतकी कटकट करून शेवटी हो का म्हणतात? कारण नाही म्हटलं की नो-डीलचं पाप त्यांच्या माथी, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका बसणार आयर्लंडला, ब्रिटनच्या उत्तर आयर्लंडला लागून असलेल्या तिथल्या सीमेचा प्रश्न तर सगळ्या भांडणाच्या मुळाशी. म्हणून मॅक्रॉन दर वेळी कुरकुर करायचे पण व्हेटो त्यांनी कधी वापरला नाही. पण त्यांना आपल्या लोकांना सांगायला काहीतरी कारण हातात द्यावं लागतं, निवडणूक, जनमत, मंजुरीचं वेळापत्रक, काहीही, नुसतं 'अजून विचार करतोय' चालत नाही. आणि अटी येणारच. ऑक्टोबरची मुदतवाढ देताना त्यांनी स्पष्ट लिहिलं की झालेला करार परत उघडणार नाही.

शेवटी उलटी युक्ती, म्हणजे मुदतवाढ होऊच द्यायची नसेल तर. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडला पण जुने व्यापारी नियम वर्षअखेरपर्यंत चालू होते, आणि हा काळ एक किंवा दोन वर्षं वाढवायची सोय करारातच होती, फक्त ३० जूनच्या आत ठरवायचं. जॉन्सन यांनी मंत्र्यांना ती वाढवताच येणार नाही असं कायद्यात लिहून टाकलं. मग कोविड आला, तरी ती तारीख हलली नाही. व्यापार करार २४ डिसेंबरला झाला, मजकूर हजारापेक्षा जास्त पानांचा, आणि ३० डिसेंबरला ब्रिटिश पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी त्यावरचा कायदा एका दिवसात पास केला. कोणी किती पानं वाचली असतील ते तुम्हीच ठरवा.